गाळलेल्या क्रियापदांसाठी ‘प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज’ कितपत पुरतं?

मायकेल स्वॉन यांचं ‘प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज’ ऑक्सफर्डने 1980 मध्ये काढलं. चौथी आवृत्ती 2016 ची. हे धडे आणि स्वाध्याय असलेलं पाठ्यपुस्तक नाही. अडलं की उघडायचं, नोंद वाचायची आणि मिटायचं. इथे ते एकाच प्रश्नापुरतं तपासलं आहे: इंग्रजी वाक्यात तेच क्रियापद पुन्हा येत असेल तर ते कधी गाळता येतं?

पहिली अडचण शोधण्याची. जुन्या आवृत्त्यांत नोंदी वर्णानुक्रमे आहेत, त्यामुळे या प्रकाराला ‘इलिप्सिस’ म्हणतात हे आधीच ठाऊक असावं लागतं. चौथ्या आवृत्तीची मांडणी विषयवार झाल्याने हा त्रास कमी झाला. तरीही माहिती ‘अँड-बट-ऑर’, सहायक क्रियापदं आणि ‘टू’ अशा वेगवेगळ्या नोंदींत विभागलेली आहे. या तिन्ही सलग वाचाव्यात, नाहीतर एका नोंदीतला नियम दुसरीकडे लावला जातो.

सहायक क्रियापदांचा भाग सर्वांत भक्कम. ‘शी कॅन स्विम, बट आय कान्ट’ यात ‘स्विम’ गेलं, पण ‘कान्ट’ राहिलं. साध्या वर्तमान किंवा भूतकाळात सहायक क्रियापद नसतंच, मग ‘डू’ आणावं लागतं: ‘रवी लाइक्स टी, बट सीमा डझन्ट’. मराठीत ‘पण सीमाला नाही’ एवढ्यावर भागतं, म्हणून आपल्याकडे ‘बट सीमा नॉट’ ऐकू येतं. या प्रकाराचा फायदा असा की तो ‘बिकॉज’, ‘इफ’, ‘व्हेन’ यांच्यानंतरही चालतो, आणि काळ बदलला तरी अडत नाही: ‘आय हॅवन्ट पेड, बट आय विल’. ‘बी’ मात्र सहसा असं गिळता येत नाही. ‘शी इजन्ट रेडी, बट शी विल’ अर्धवट वाटतं. ‘विल बी’ हवं. शिवाय पुढचं गाळलं असेल तर होकारार्थी जोडरूप चालत नाही. ‘येस, आय ॲम’ बरोबर, ‘येस, आयम’ चूक. ‘आय कान्ट’, ‘ही इजन्ट’ अशी नकारार्थी जोडरूपं बिनधास्त वापरावीत.

‘टू’चं प्रकरण छोटं आहे. ‘आय डोन्ट वॉन्ट टू’ म्हणून थांबता येतं, ‘आय डोन्ट वॉन्ट’ म्हणून नाही. पण ‘कम व्हेन यू वॉन्ट’ चालतं. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

पुस्तक हात आखडता घेतं ते दुसऱ्या वाक्यातलं मुख्य क्रियापद पूर्ण उडवण्याच्या बाबतीत: ‘समीर ऑर्डर्ड इडली, अँड आशा डोसा’. नियम दिला आहे, पण थोडक्यात. मराठी वाचकाला इथे जास्त हवं होतं, कारण आपली सवय उलटी आहे. ‘समीरने इडली आणि आशाने डोसा मागवला’ यात आपण पहिलं क्रियापद गाळून शेवटचं ठेवतो. इंग्रजीत पहिलं ठेवून दुसरं गाळायचं. वाक्यातली क्रियापदाची जागा आणि गाळण्याची दिशा यांचा हा संबंध भाषाशास्त्रज्ञ जॉन रॉस यांनी 1970 मध्येच मांडला होता.

मग चुका कुठे होतात? ‘अँड’ऐवजी ‘बिकॉज’ किंवा ‘व्हेन’ आलं की ही युक्ती बंद पडते. ‘समीर ऑर्डर्ड इडली बिकॉज आशा डोसा’ हे इंग्रजीच नाही. तिथे ‘ऑर्डर्ड’ पुन्हा लिहायचं. काळ वेगळा असेल तरीही तेच: ‘रवी केम यस्टरडे, अँड सीमा टुमॉरो’ चुकीचं. क्रियापद गेलं म्हणून त्याच्यासोबतचं शब्दयोगी अव्ययही टाकून देऊ नये: ‘रवी वेंट टू पुणे, अँड सीमा टू नाशिक’ यातला दुसरा ‘टू’ ठेवलेला बरा. बोलताना इंग्रज माणूसही ही रचना फारशी वापरत नाही. ती लेखी, जरा कडक इस्त्रीची आहे. पत्रात किंवा अहवालात शोभते.

एका वाक्यात दोन सहायक क्रियापदं जोडताना वेगळी काळजी घ्यावी लागते. ‘आय कॅन अँड विल हेल्प’ ठीक, कारण दोन्हींना ‘हेल्प’च लागतं. ‘आय हॅव अँड विल हेल्प’ मध्ये ‘हॅव’ला ‘हेल्प्ड’ हवं, ते कुठेच नाही. जाहिरातींत आणि भाषणांत ही चूक सर्रास दिसते. दुसरा सापळा ‘दॅन’चा. ‘आशा कॉल्स रवी मोअर ऑफन दॅन सीमा’ यात सीमा फोन करते की तिला फोन येतो? पहिला अर्थ हवा असेल तर ‘दॅन सीमा डझ’, दुसरा हवा तर ‘दॅन शी कॉल्स सीमा’. गाळल्याने दोन अर्थ निघत असतील तर गाळू नये.

चुकीची वाक्यं ‘नॉट’ असं लिहून बरोबर वाक्याशेजारी देण्याची पद्धत उत्तम. अनुवादक, मुद्रितशोधक आणि इंग्रजीचे शिक्षक यांना तेवढ्यासाठीही पुस्तक घेण्यासारखं आहे. भर मुख्यतः ब्रिटिश वापरावर आहे. दहावीच्या विद्यार्थ्याला मात्र ते जड जाईल, कारण सगळं स्पष्टीकरण इंग्रजीत आहे. फक्त याच विषयासाठी हवं असेल तर 2005 ची तिसरी आवृत्ती जुन्या बाजारात मिळाली तरी काम भागतं. मांडणी बदलली, नियम तेच आहेत.