फार्महाऊसच्या तळ्याचं ‘पूर्ण पॅकेज’: खोदाई उत्तम, सांडवा धोक्याचा

पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी या पट्ट्यात पोकलेनवाले ठेकेदार फार्महाऊससाठी तळं करून देतात. खोदाई, मातीचा बांध, तळाला प्लास्टिकचा कागद, पाइप, बसायला कट्टा, सगळं एकाच दरात. खोदाई झपाट्यानं आणि नीटनेटकी होते. पाण्याकडचा उतार १:३ (म्हणजे १ मीटर उंचीला ३ मीटर आडवं), बाहेरचा १:२.५ आणि माथा ३ मीटर रुंद मागितला, तर तोही मिळतो.

उणीव आहे ती दाबणीत. माती १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांत टाकून, ओली करून रोलरनं दाबायला हवी. ओलावा एवढाच, की मुठीत गोळा वळावा पण हाताला पाणी सुटू नये. पॅकेजमध्ये मात्र पोकलेनच वरून फिरवतात. तिचं वजन रुंद पट्ट्यांवर पसरतं, त्यामुळे खालची माती भुसभुशीत राहते आणि पावसाळ्यात बांध खचतो. रोलरचं भाडं वेगळं पडलं तरी द्या. जांभ्या खडकाच्या सड्यावर (उघड्या पठारावर) तर पाया-चर, म्हणजे बांधाखालचा लांब खंदक, घट्ट थरापर्यंत नेऊन चिकण मातीनं भरून घेतल्याशिवाय बांध उचलूच देऊ नका. जांभ्यातून पाणी झिरपतं.

पाइपची गोष्ट तशीच. बांधातून पीव्हीसी पाइप नेला, की त्याच्या पोटाखाली माती नीट दाबली जात नाही आणि पाणी पाइपच्या बाहेरून वाट काढतं. बाहेरच्या तोंडाकडे पाइपभोवती धुतलेल्या वाळूचा जाड पट्टा घालून घ्या. त्यातून पाणी निघतं, माती अडते.

सर्वांत वाईट सांडवा, म्हणजे तळं भरल्यावर जादा पाणी बाहेर जायची वाट. माथ्याजवळ एक-दोन पाइप टाकून त्यालाच सांडवा म्हणतात. गगनबावड्याच्या पावसात पालापाचोळ्यानं तो तुंबणारच. त्यात मासे वाहून जाऊ नयेत म्हणून मालक बारीक जाळी लावतात! पाणी माथ्यावरून गेलं, की मातीचा बांध काही तासांत कापला जातो. ५०० मायक्रॉनचा कागद इथे काही कामाचा नाही. सांडवा बांधाच्या टोकाला, मूळच्या कठीण जमिनीत, उघडा आणि माथ्यापेक्षा किमान १ मीटर खाली हवा.

करारात ठेकेदाराची हमी असली तरी बांध मालकाचाच राहतो. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकानं ठेकेदाराकडून तलाव बांधून घेतला. पाणी शेजारच्या खाणीत घुसलं आणि १८६८ मध्ये भरपाईची जबाबदारी मालकावरच आली. हे तत्त्व आपल्या न्यायालयांनाही परिचित आहे. धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू होतो. तुमचा ४-५ मीटरचा बांध तपासायला त्या कायद्यानं कुणी येणार नाही. वाहता नाला अडवत असाल तर आधी तहसील कार्यालयात जा. जमीन महसूल संहितेनुसार नाले सरकारचे असतात.

तेव्हा तपासणी स्वतः करा. पावसाळ्यात बांधाच्या पायथ्याशी रोज फेरी मारा. स्वच्छ पाझर असेल तर खूण करून मोजत राहा. गढूळ असेल तर आतली माती वाहते आहे. खालच्या वस्तीला लगेच कळवा, पंप किंवा सायफन लावून पाणी उतरवा. वेळ हातात असेल तर सावकाश, कारण झपाट्यानं उतरवलं तर आतला ओला उतार घसरतो. बांधावर झाडं वाढू देऊ नका, घुशी-खेकड्यांची बिळं दिसली की खणून, माती दाबून भरा.

खोदाईला ५ पैकी ४, दाबणीला २, सांडव्याला १. रोलर आणि उघडा सांडवा लेखी मिळत असेल तरच काम द्या, आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा.