डेंग्यूच्या आरएनएची घडी: संगणकावर शोधावी की प्रयोगशाळेत?

कॉलेज रोडवर राहणारी माझी भाची एमएस्सीच्या प्रोजेक्टवरून अडली आहे. "मावशी, घडी प्रोग्रॅमने काढू की सरळ प्रयोग करू?"

आधी घडी का महत्त्वाची, ते. डेंग्यूच्या विषाणूची माहिती ज्या साखळीत असते, तो आरएनए सुमारे 10,700 अक्षरांचा, आणि ही साखळी स्वतःवरच दुमडते. साडीची घडी घालताना दोन्ही टोकं जुळवतो, तशी याची टोकं जवळ येतात. नक्कल करणारं एन्झाइम एका टोकाला पकडतं आणि नक्कल सुरू करतं दुसऱ्या टोकापासून. टोकं जुळलीच नाहीत, तर विषाणू वाढत नाही.

खर्चात आरएनएफोल्ड हा घडी काढणारा प्रोग्रॅम जिंकतो: फुकट, साध्या लॅपटॉपवर चालतो. प्रयोगशाळेतल्या शेप पद्धतीला रसायनं, सिक्वेन्सिंग (म्हणजे अक्षरं वाचणं) आणि उणे 80 अंशांचा फ्रीझर लागतो. वेळेचंही तसंच, शिवाय हातमोजा न बदलता नळी उघडली तर बोटांवरचं आरनेझ, म्हणजे आरएनए तोडणारं एन्झाइम, आठवड्याची मेहनत खाऊन टाकतं.

भरवशाचं गणित मात्र वेगळं आहे. प्रोग्रॅम सर्वांत कमी ऊर्जेची घडी सांगतो. एकमेकांपासून लांबच्या अक्षरांच्या जोड्यांत तो चुकू शकतो आणि गाठीसारखी वळणं, म्हणजे स्यूडोनॉट, तो धरतच नाही. शेपचं रसायन सैल अक्षरांना चिकटतं, म्हणून प्रत्यक्षात काय मोकळं आहे ते कळतं. पण कोण कोणाशी जोडलंय, हे तेही सांगत नाही! ते आकडे पुन्हा प्रोग्रॅमलाच द्यावे लागतात.

सहा महिने आणि एकच लॅपटॉप असेल तर टोकांचे छोटे तुकडे घेऊन आरएनएफोल्ड. पीएचडी करायची असेल, सिक्वेन्सिंगची सोय असेल, तर शेप. भाचीला मी पहिलंच सुचवलंय.