फिलिपिन्सचे पाहुणे, मुंबईतले पंटर आणि दुधाचा एक डबा

तुमच्या ओळखीचं कुणी फिलिपिन्सहून पहिल्यांदाच मुंबई बघायला येणार असेल, मग तो जहाजावरचा दोस्त असो, दुबईच्या ऑफिसातली मैत्रीण असो की लेकीच्या हॉस्पिटलातली नर्स, तर त्यांच्या कानावर हे आधीच घाला. मुंबईत त्यांना कुणी चाकू दाखवून लुटणार नाही. लुटणारा आधी तोंडभर हसेल, 'वेलकम' म्हणेल आणि त्यांचं काहीतरी काम सोपं करून द्यायला स्वतःहून पुढे येईल.

मी मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनियर, राहायला वसईला. आमच्या जहाजावरचा फिटर फिलिपिन्सच्या इलोइलोचा. जहाजावर माणसं हुद्द्यानेच ओळखली जातात, तेव्हा इथेही त्याला फिटरच म्हणतो. हात सोन्याचा. बंद पडलेला पंप त्याच्या हवाली केला की मी निवांत झोपायला जायचो. तो, त्याची बायको आणि मनिलात नर्स असलेली मेव्हणी असे तिघं गेल्या जानेवारीत आले. मनिलाहून दिल्लीचं थेट विमान १ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालंय, त्याने दिल्लीला उतरले आणि तिथून मुंबई. हॉटेल कुलाब्यात. माझा तेव्हा नवी मुंबईत कोर्स चालू होता, त्यामुळे दिवसा त्यांचे ते फिरायचे आणि संध्याकाळी मी जाऊन भेटायचो.

हा फिटर काही भोळा सांब नाही. ब्राझीलपासून नायजेरियापर्यंतच्या बंदरांत घासाघीस करून आलेला गडी आहे, आणि मीटर टाकायला नकार देण्यात मनिलाचे टॅक्सीवाले आपल्या टॅक्सीवाल्यांना हार जाणारे नाहीत. पण या लोकांचा एक स्वभाव आहे. समोरच्याला तोंडावर 'नाही' म्हणणं त्यांना जड जातं. इंजिन रूममध्ये मी एखादी अशक्य गोष्ट सांगितली की फिटर म्हणायचा, "येस सर, मेबी." त्याचा अर्थ 'होणार नाही' असा असतो, हे मला कळायला अर्धं कॉन्ट्रॅक्ट गेलं. गेटवेवरच्या पंटरला हा 'मेबी' कुठून कळणार? तो त्याला होकारच समजतो. खरं तर कळत असेल, पण फायदा होकार समजण्यातच आहे.

पहिला दणका घारापुरीला बसला. गेटवेची लाँच, तासाभराचा प्रवास, धक्क्यावरून छोट्या गाडीने पायऱ्यांपर्यंत, इथवर सगळं झकास. पायऱ्यांच्या तोंडाशी गळ्यात कसलंसं ओळखपत्र लटकवलेला एक जण भेटला. आधी त्याने 'चायना?' विचारलं, मग 'नेपाल?' हा अनुभव या तिघांना मुंबईभर आला. फिलिपिनो म्हणून त्यांना एकानेही ओळखलं नाही. देश कळल्यावर त्या पंटरचा चेहरा उजळला म्हणे. त्याने हिशेब समजावून सांगितला: लेण्यांचं तिकीट परदेशी माणसाला ६०० रुपये, भारतीयाला ४०. तुम्ही मणिपूरचे सहज खपून जाल. मला माणशी ३०० द्या, मी तिकिटं आणतो, निम्मे पैसे वाचले.

दर त्याने खरे सांगितले होते. पुरातत्त्व खात्याचा नियमच तसा आहे. सार्क (दक्षिण आशियातल्या देशांचा गट) आणि बिमस्टेक (बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांचा गट) यांतल्या देशांच्या नागरिकांना भारतीय दर लागतो, बाकीच्यांना परदेशी. म्हणजे तिघांकडे थायलंडचा पासपोर्ट असता तर रीतसर ४० रुपयांत आत गेले असते. फिलिपिन्स या दोन्ही गटांत नाही. असे पंटर पाऊण गोष्ट खरी सांगतात आणि त्या खऱ्याच्या जोरावर उरलेली पाव खपवतात.

फिटरची बायको नको म्हणत होती. पण तोवर तो माणूस पायऱ्या चढायला लागला होता आणि हे त्याच्या मागे. त्याने ९०० रुपये घेतले, १२० रुपयांची तीन भारतीय तिकिटं हातात ठेवली, "कोणी काही विचारलं तर नुसतं हसा" असा सल्ला दिला आणि माकडांच्या घोळक्यापलीकडे गडप झाला. फाटकावरच्या रखवालदाराने तिकिटं पाहिली, चेहरे पाहिले आणि हिंदीत आधार कार्ड मागितलं. फिटर हसला. बायकोने अदबीने "येस, पो" म्हटलं. हा 'पो' त्यांच्याकडे मान देऊन बोलताना वाक्यात घालतात. मणिपूर तिथेच संपलं.

रखवालदाराचं काही चुकलं नाही. त्याने आवाजही चढवला नाही, फक्त तिकीट खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे माणशी ६०० प्रमाणे १८०० भरले. ९०० आधीचे गेले ते गेलेच. फिटरला पैशांपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. संध्याकाळी मला म्हणाला, "सेकंड, त्या गार्डला वाटलं असेल आम्हीच चोर." खोटं सांगून तिकीट काढलेलं असल्यामुळे तक्रार करायलाही तोंड राहत नाही, आणि पंटरला नेमकं तेच हवं असतं. त्यामुळे पाहुण्यांना आधीच सांगा: ६०० हाच खरा भाव आहे, मुकाट भरा. आणि घारापुरीला सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी लेणी बंद असतात.

टॅक्सीचं प्रकरण बुधवारचं. बुधवार त्यांनी मुद्दाम राखून ठेवला होता. मनिलाजवळच्या बाक्लारानच्या चर्चमध्ये दर बुधवारी निरंतर साहाय्य मातेच्या (म्हणजे मारियामातेच्या) नोव्हेनाला, म्हणजे खास प्रार्थनेला, प्रचंड गर्दी लोटते. परदेशी नोकरीला जाणारा खलाशी किंवा नर्स तिथे मेणबत्ती लावल्याशिवाय सहसा निघत नाही. आपल्या माहीमच्या सेंट मायकलमध्येही त्याच मातेचा नोव्हेना, तोही बुधवारीच. मी हे सांगितल्यावर मेव्हणीचे डोळे एवढे मोठे झाले. ताजमहाल राहिला तरी चालेल, पण माहीम चुकवायचं नाही, असं ठरलं.

कुलाब्याहून काळी-पिवळी केली. मीटर टाकला होता, रस्ताही सरळ घेतला. माहीमला मीटरवर ३४० रुपये झाले, म्हणजे वाजवी. (फेब्रुवारी २०२५ पासून काळी-पिवळीचं किमान भाडं ३१ रुपये आहे, पहिल्या दीड किलोमीटरला.) फिटरने पाचशेची नोट दिली. ड्रायव्हर सुट्ट्यासाठी डावीकडे वाकला आणि वळून हातातली शंभराची नोट दाखवत म्हणाला, "सर, धिस हंड्रेड." मागे गाड्या हॉर्न मारतायत, चर्चमध्ये घंटा झालेली, नवीन देशाच्या नव्या नोटा. फिटरला वाटलं, आपलीच गफलत. शंभराची परत घेतली, दुसरी पाचशेची दिली, १६० सुट्टे घेतले आणि धावत आत गेला. हिशेब नोव्हेना संपल्यावर लागला: चारशेला चुना.

ही हातचलाखी जुनी आहे. आपल्यालाही कधी कधी लागू पडते, पण आपण लगेच आवाज चढवतो, म्हणून फार चालत नाही. उपाय एकच. पाचशेची नोट देताना मोठ्याने "पाचशे" म्हणायचं आणि सुट्टे समोर येईपर्यंत तिचं एक टोक आपल्या चिमटीत ठेवायचं. विचित्र दिसतं, दिसू दे. गाडीत बसण्याआधी नंबर प्लेटचा फोटो काढायचा. यांनी तो काढला नव्हता, त्यामुळे तक्रार करायची तरी कुणाच्या नावाने?

आता डबा. कुलाबा कॉजवेच्या परिसरातली ही युक्ती गाइडबुकात छापून आली, तरी बंद झालेली नाही. कडेवर तान्हं मूल घेतलेली बाई जवळ येते. पैसे मागत नाही. "नो मनी, ओन्ली मिल्क फॉर बेबी." पैसे नको म्हटल्यावर माणूस विरघळतोच. मग ती एका ठरावीक दुकानात घेऊन जाते, तुम्ही पावडरचा डबा घेऊन देता, ती पाया पडते. तुम्ही वळलात की डबा परत दुकानात आणि पैशांची वाटणी.

या वेळी मात्र बाईंचा ग्राहक चुकला. मेव्हणी मनिलाच्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. तिने आधी बाळाचं वय विचारलं. उत्तर आलं चार महिने. तिने बाळाचं बोट हातात घेतलं, मानेकडे पाहिलं आणि मनातल्या मनात म्हणाली, आठ तरी असेल. दुकानदाराने फळीवरून मोठा डबा काढून ठेवला, तो सहा महिन्यांपुढच्या बाळाचा होता. हिने चार महिन्यांसाठीचा लहान मागितला, तर "नो स्मॉल". किंमत चौदाशे रुपये, आणि छापील किमतीवर पांढरा स्टिकर. डब्याच्या एका कडेला पोचा आलेला, झाकणावर धूळ. तरी पैसे दिले तिने. बाळ खरं होतं ना!

खरी गंमत पुढे आहे. तिने डबा उघडायला घेतला. बाईंना दाखवायचं होतं की किती पाण्याला किती चमचे, पाणी उकळून गार केलेलं कसं हवं. नर्सच ती, समजावून सांगितल्याशिवाय डबा हातात देणार नाही. झाकणाला नख लावल्याबरोबर बाई आणि दुकानदार दोघं एकदम ओरडले, "नो ओपन! नो ओपन!" बाईने डबा अक्षरशः हिसकावून घेतला आणि बाळासकट गल्लीत शिरली. मेव्हणीला तिथल्या तिथे उलगडा झाला, पण तोवर पैसे दुकानदाराच्या गल्ल्यात होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिला घेऊन त्या दुकानात गेलो. दुकानदार मराठीत अगदी गोड. "साहेब, मी माल विकला. तो पुढे कुणाला पाजायचा हे मी कसं सांगणार?" मेव्हणीने काही न बोलता फळीकडे बोट केलं. वरून दुसऱ्या फळीवर पोचा आलेला तोच डबा, पांढऱ्या स्टिकरसकट. मी तो खाली घेतला आणि नखाने स्टिकर खरवडला. खालची छापील किंमत निम्म्याहूनही कमी होती. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हा गुन्हा आहे, वैधमापनशास्त्र विभागाकडे जातो, असं म्हटल्यावर गोडवा आटला आणि हजार रुपये काउंटरवर आले. पूर्ण चौदाशे नाही दिले. चारशे कशाचे कापले, देव जाणे. बहुतेक बाईंचा वाटा वाटून झाला होता. ज्यांना खरंच द्यायचं असेल त्यांनी डबा तिथेच फोडून द्यावा. गरज खरी असेल तर फोडलेला डबाही चालतो.

रविवारी तिघांना वसईला आणलं. किल्ला दाखवला आणि मग गासच्या गोन्सालो गार्सिया चर्चमध्ये नेलं. गोन्सालो वसईत जन्मला, मनिलात फ्रान्सिस्कन संघाचा धर्मबंधू झाला, तिथूनच पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूबरोबर जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रूसावर मारला गेला. १८६२ साली संत झाला. फिटरला वसई हे नाव जहाजावर माझ्या तोंडून ऐकून माहीत होतं, पण इथला माणूस सव्वाचारशे वर्षांपूर्वी मनिलात राहून गेला हे नव्हतं. त्याने वेदीसमोर इतके फोटो काढले की शेवटी त्याच्या बायकोने मोबाइल पर्समध्ये टाकला.

जेवताना आईने सहज विचारलं, इकडे यायला खर्च किती आला? फिटरने आकडे सांगायला सुरुवात केली: विमान, हॉटेल, आणि व्हिसा माणशी ८५ डॉलर. माझा घास हातातच राहिला. फिलिपिन्सच्या नागरिकांना भारताने ऑगस्ट २०२५ पासून वर्षभरासाठी पर्यटनाचा ई-व्हिसा मोफत केलाय. घारापुरी, टॅक्सी, डबा, सगळं एकत्र केलं तरी सतराशे रुपये गेले होते. इथे घरातून निघण्याआधीच तिघांचे २५५ डॉलर गेले होते, आणि त्यांना ते सरकारी फी वाटत होते.

मेव्हणीने पावतीचा ईमेल दाखवला. वेबसाइटवर तिरंगा, अशोकचक्रासारखं काहीतरी, नावात 'इंडिया' आणि 'व्हिसा', शेवट मात्र डॉट कॉम. सर्चमध्ये जाहिरात म्हणून सगळ्यात वर आलेली. खरी सरकारी साइट म्हणजे इंडियन व्हिसा ऑनलाइन डॉट गव्ह डॉट इन. पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' नसेल तर कार्डाचा नंबर टाकू नये. या डॉट कॉमवाल्यांनी केलं एवढंच की यांनी भरलेली माहिती खऱ्या साइटवर उतरवली आणि आलेला मोफत व्हिसा पुढे पाठवला.

व्हिसा खराच असल्यामुळे गोची झाली. मनिलाला परतल्यावर मेव्हणीने कार्डाच्या बँकेकडे तक्रार टाकली. बँकेने साइटवाल्यांना विचारलं. त्यांनी आपल्या अटींचं पान पाठवलं. त्यात तळाला बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आम्ही खासगी सहायक आहोत, सरकारशी आमचा संबंध नाही, आणि ही फी अर्ज भरून देण्याची आहे. बँकेचं उत्तर आलं: ठरलेली सेवा मिळालेली आहे, सबब रक्कम परत करता येत नाही.