हजेरी-पगाराचं सॉफ्टवेअर: वाद झाला तर नोंद टिकते का?

आमच्या अंबडच्या (नाशिक) वर्कशॉपमध्ये दिवाळीपासून हे सॉफ्टवेअर चालू आहे. थंब मशीन, रजा, पगारपत्रक आणि प्रत्येक कामगाराची फाइल, सगळं एकत्र. पगार वेळेत निघतात, ॲप अधूनमधून अडकतं. त्यावर जास्त लिहीत नाही. मी आग्रह धरला तो एकाच गोष्टीसाठी. नोंद कुणी, कधी आणि का बदलली, हे यात पुसता येत नाही.

उन्हाळ्यात त्याचा कस लागला. काम सोडून गेलेल्या एका फिटरने रविवारच्या ओव्हरटाइमचा दावा केला. कायद्याप्रमाणे ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो. त्याचा एक रविवार उघडला: आत ८.०२, बाहेरचा पंच नाही. मंगळवारी सुपरवायझरने ४.३० टाकलेले, कारण ‘लाइट गेली होती’, शेजारी त्याचं नाव आणि वेळ. मूळची रिकामी जागाही तशीच दिसते. दोन रविवार फिटरच्या बाजूने निघाले, ते पैसे लगेच दिले. बाकीचे पगारपत्रकात आधीच जमा होते. युनियनच्या माणसाने स्वतः स्क्रीनवर पाहिलं आणि प्रकरण कामगार न्यायालयात न जाता मिटलं. महिनाअखेरीला एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेलं मस्टर समोर ठेवलं असतं तर त्याने का मानावं?

कमी पडतं ते पुढे. कामगार न सांगता यायचा बंद झाला की पाठवायची ‘कामावर हजर व्हा’ ही पत्रं साठवता येतात, पण पोस्टाची पावती आणि पोच आपणच स्कॅन करून जोडावी लागते. ती जोडाच; नुसतं ‘तो आपणहून गेला’ म्हणून भागत नाही.

दुसरी उणीव मोठी. जालन्याच्या निवडणूक खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतंच, असं ठरवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यूही (फाइलवरून काढलेला अंक-अक्षरांचा ठसा; फाइल बदलली की तोही बदलतो) लिहावी लागते, आणि एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. कामगार न्यायालय पुराव्याच्या नियमांबाबत तितकं काटेकोर नसलं, तरी प्रकरण वरच्या कोर्टात जाऊ शकतं. सॉफ्टवेअर हॅश देत नाही. आम्ही दर महिन्याला हजेरी आणि बदलांची यादी पीडीएफमध्ये उतरवून हॅश स्वतः काढतो.

पाचपैकी चार तारे. घेण्याआधी विक्रेत्याकडून एक गोष्ट लेखी घ्या: वर्गणी थांबली तरी जुना डेटा, बदलांच्या यादीसकट, आपल्या हातात मिळेल. ग्रॅच्युइटीच्या वादात कित्येक वर्षांपूर्वीची रुजू तारीख लागते.