होमस्टेडवाल्या पूर्वजाचा माग : अमेरिकी जमीन-नोंदी काही महिने वापरल्यानंतर

माझ्या सासूबाईंचं माहेर नेब्रास्कातल्या व्हॅली काउंटीतलं. त्यांचे पणजोबा बोहेमियातून (तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, आज चेक प्रजासत्ताकात) आले आणि तिथे होमस्टेड, म्हणजे वस्ती करून कसणाऱ्याला सरकार देत असे ती जमीन, घेतलं, एवढ्यावर घरात सगळ्यांचं एकमत. पुढची गोष्ट प्रत्येकाची निराळी. म्हणून गेल्या हिवाळ्यापासून जनरल लँड ऑफिसच्या (सरकारी जमिनी वाटणाऱ्या अमेरिकी खात्याच्या) नोंदींची सरकारी साइट, फॅमिलीसर्च ही वंशवेलीची फुकट साइट आणि एक पैसे भरून घ्यायची वंशवेलीची साइट, अशा तिन्ही आलटून पालटून वापरतेय.

सरकारी साइट फुकट आहे. राज्य, काउंटी, आडनाव टाकलं की जमीन नावावर झाल्याचा कागद, म्हणजे पेटंट, समोर येतं. चेक आडनाव असेल तर मात्र कारकुनाच्या कानाने विचार करायचा आणि दोन-चार स्पेलिंग मारून बघायची. कागद दिसायला झोकदार. खाली राष्ट्राध्यक्षांचं नाव, पण सही सचिवाच्या हातची. लोक फ्रेम करून भिंतीवर लावतात. माणसाबद्दल त्यात जवळजवळ काही नसतं. नाव, तारीख, आणि टाउनशिप-रेंज-सेक्शन, म्हणजे मोजणीच्या चौकटींत जमीन नेमकी कुठे ते.

शिवाय हा कागद सगळ्यात शेवटचा. 1862 च्या कायद्याने 160 एकर मिळायची ती आधी पाच वर्षं तिथे राहून, घर बांधून, जमीन कसून दाखवल्यावर. त्यानंतरही वॉशिंग्टनहून पेटंट यायला वर्ष-दोन वर्षं सहज जायची. तरी ऑनलाइन वंशवेलींत पेटंटची तारीख हीच 'गावात आले' ती तारीख म्हणून सर्रास दिसते.

खरा ऐवज केस फाइलमध्ये, म्हणजे त्या दाव्याचे सगळे कागद एकत्र ठेवलेल्या फाइलमध्ये. पेटंटवरचं लँड ऑफिसचं नाव (आमचं ग्रँड आयलंड) आणि सर्टिफिकेटचा नंबर, एवढ्यावर फाइल सापडते. नेब्रास्काच्या फाइली स्कॅन झाल्यात. इतर बऱ्याच राज्यांच्या नॅशनल आर्काइव्हजकडून (अमेरिकेच्या सरकारी दप्तरखान्याकडून) पैसे भरून मागवाव्या लागतात. आत पणजोबांची जबानी, दोन साक्षीदारांच्या जबान्या, वर्तमानपत्रात दिलेली नोटीस आणि ऑस्ट्रियाच्या सम्राटाशी निष्ठा सोडल्याचा नागरिकत्वाचा कागद. आपल्याकडच्या तलाठ्याच्या पंचनाम्यासारखाच थाट. घर कसलं? गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपांचं, 14 बाय 20 फूट, एक दार, दोन खिडक्या, खाली फळ्या. विहीर एक. गोठा मातीचाच. नांगराखाली किती? पणजोबा म्हणतात 38 एकर, साक्षीदार म्हणतो 'पस्तीसेक'. शेजारी शेवटी शेजारीच.

छापील प्रश्नांत एक असा आहे की, तुम्ही जमीन सोडून कधी बाहेर राहिलात का? उत्तर : दोन हिवाळे रेल्वेच्या कामावर, बायको-मुलं घरीच. म्हणजे त्या मातीच्या घरात, नेब्रास्काच्या थंडीत, पणजीने लहान मुलांना घेऊन एकटीने दिवस काढले. 'पणजोबांनी रान कधी सोडलं नाही' हे ऐकत मोठ्या झालेल्या सासूबाईंनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. कायद्याच्या दृष्टीने कुटुंब तिथे होतं म्हणून हक्क टिकला. पेटंटवर तिचं नाव नाही. अविवाहित किंवा विधवा बाईला स्वतःच्या नावावर होमस्टेड घेता यायचं, नवरा असलेलीला सहसा नाही.

साक्षीदारांची नावं सोडू नका. सरकारी साइटवर आडनावाऐवजी टाउनशिप आणि रेंज टाकून शोधलं की आजूबाजूच्या सगळ्या जमीनमालकांची यादी मिळते. आमचा एक साक्षीदार पणजीचा सख्खा भाऊ निघाला, शेजारच्याच सेक्शनमध्ये. तिचं माहेरचं आडनाव त्यातूनच हाती लागलं.

पैसेवाल्या साइटबद्दल फार चांगलं बोलवत नाही. एकाच नावाच्या दोन माणसांना जोडून तिने आमच्या पणजोबांना आयोवात दुसरी बायको दिली, आणि वर्गणी बंद करायचं बटण कुठे दडवलंय ते शोधणं हे वेगळंच संशोधन. शिवाय 1890 ची जनगणना कोणाकडेच मागू नका. 1921 च्या आगीनंतर तिचं फारसं काही उरलं नाही. नेब्रास्कावाल्यांचं नशीब की तिथे 1885 साली वेगळी जनगणना झाली होती. तिच्यात शेतीचा तक्ताही आहे : गाई किती, लोणी किती पौंड, मका किती बुशेल (धान्याचं माप). फाइल आणि हा तक्ता शेजारी ठेवून वाचा.

एक खटकतं. या नोंदी वाचताना वाटतं की जमीन मोकळीच पडली होती. लूप नदीचं ते खोरं पॉनी या मूळ अमेरिकी लोकांचं; 1857 च्या तहात त्यांच्याकडून गेलं, आणि 1870 च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. पेटंटवर त्याचा उल्लेख असणार तरी कसा, पण पूर्वजाची गोष्ट लिहायला बसलात तर ही तारीख त्याच्या आधी लिहा.

ज्यांनी जमीन घेतली पण तिच्या अटी पुऱ्या केल्या नाहीत, त्यांच्यासाठी पेटंटची साइट बिनकामाची. त्यांना पेटंट मिळालंच नाही. असे लोक थोडेथोडके नव्हते. पणजोबांचा धाकटा भाऊ त्यातलाच. त्यासाठी ट्रॅक्ट बुकं, म्हणजे कोणत्या तुकड्यावर कोणी दावा केला ते लिहिलेल्या लँड ऑफिसच्या वह्या, बघायची. फॅमिलीसर्चवर फुकट आहेत, पण सेक्शनच्या क्रमाने पान-पान उलटावं लागतं. भावाची ओळ सापडली : नावावर काट, आणि त्याच जमिनीवर खाली दुसऱ्याचं नाव. रद्द झालेल्या दाव्यांच्याही फाइली वॉशिंग्टनमध्ये आहेत. त्याची मागवलीय, अजून आलेली नाही.