मुठीवर रिव्हेट, आत वेल्ड केलेली सळई

लाकूड फोडायला, कुंपणाच्या काट्या तोडायला, काजूच्या बागेत बेणणीला असा दणकट पण परवडणारा सुरा ऑनलाइन घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. 'फुल टँग, १०९५ हाय कार्बन स्टील, लाकूड फोडण्यासाठी उत्तम' अशी जाहिरात वाचून मी १,८०० रुपयांना एक सुरा मागवला. यातलं एकही अक्षर खरं निघालं नाही, आणि त्यापायी एका माणसाचा पाय जायची वेळ आली होती.

फुल टँग म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत अखंड गेलेलं असतं आणि मुठीच्या फळ्या दोन्ही बाजूंनी त्याला रिव्हेटने ठोकलेल्या असतात. पात्याच्या पाठीवर सोटा मारून लाकूड चिरतो तेव्हा पातं मुठीत शिरतं त्या जागेवर सगळा ताण येतो, म्हणून ही गोष्ट महत्त्वाची. माझ्या सुऱ्यावर तीन पितळी रिव्हेट दिसत होते. ऐनाचा सुका ओंडका फोडताना पातं मुठीतून निखळलं आणि समोर उभ्या असलेल्या गड्याच्या पावलाशेजारी मातीत घुसलं. मूठ फोडून पाहिली. पातं आत जेमतेम इंचभर होतं, त्याला पुढे आट्यांची एक बारीक सळई वेल्ड केलेली होती आणि तो वेल्डच तुटला होता. रिव्हेट म्हणजे प्लास्टिकवर चिकटवलेल्या नुसत्या टिकल्या. हलका माल विकणं एक वेळ समजू शकतं. पण खोट्या टिकल्या बसवणाऱ्याला आत काय आहे हे पक्कं ठाऊक असतं.

विक्रेत्याचं उत्तर आलं की सुऱ्याचा गैरवापर झाला, वॉरंटी लागू नाही. त्याच्याच जाहिरातीतल्या फोटोत मात्र त्याच सुऱ्याने ओंडका फोडलेला दाखवलाय. पोलादाबद्दल विचारलं तर म्हणाला, 'लोहचुंबक लावून बघा, चिकटतं ना? मग हाय कार्बनच.' हे ऐकून अनेकजण गप्प बसत असतील म्हणून स्पष्ट सांगतो: स्वस्त सुऱ्यांना वापरतात त्या ४२० जातीच्या स्टेनलेसलाही लोहचुंबक चिकटतंच. त्यावरून कार्बन कळत नाही. १०९५ मध्ये साधारण ०.९५ टक्के कार्बन असतो आणि क्रोमियम जवळपास नसतंच, त्यामुळे कोकणच्या पावसाळ्यात तेल न लावता ठेवलं तर त्याला बघता बघता गंज धरतो. माझं पातं अख्खा पावसाळा पडवीत पडून होतं, एक डाग नाही.

आमच्या बाजारातल्या लोहाराने धारेच्या बुडाशी कानस फिरवली. नीट पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून विझवून कडक केलेल्या पात्यावरून कानस घसरते. इथे ती खिळ्यात रुतावी तशी रुतली आणि कीस पडला. धारेजवळच बघायचं, कारण काही चांगले कारागीर पाठ मुद्दाम नरम ठेवतात.

घेण्याआधी विक्रेत्याकडून मुठीचा वरून आणि मागच्या टोकाकडून काढलेला फोटो मागा. उघड्या फळ्यांच्या मुठीत दोन फळ्यांमधून पोलादाची पट्टी सलग दिसली पाहिजे. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच सोडा. फुल टँग नसलेला सुरा वाईटच असतो असंही नाही. स्वीडनमधल्या मोरा गावचे स्वस्त सुरे अनेकदा तसे नसतात, तरी जगभर नावाजलेले आहेत. पण सोटा मारून ओंडके फोडायचं काम त्यांचं नव्हे. 'दमास्कस' नावाने नक्षीदार पाती विकतात त्यांच्यापासूनही सावध राहा. बऱ्याचदा ती नक्षी वरवर उमटवलेली असते, पॉलिश पेपरने घासली की कायमची जाते. खरी, म्हणजे पोलादाचे थर जोडून आलेली नक्षी घासल्यावर पुसट होते आणि आम्लात बुडवली की परत दिसते.

आता मी त्याच लोहाराकडून ट्रकच्या कमानीच्या पाट्याची कोयती करून घेतली आहे, त्या सुऱ्यापेक्षा कमी पैशांत. पाटा जुना असेल तर त्यात बारीक तडा नाही ना, एवढं आधी बघून घ्या.

पैसे परत मिळाले ते १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीला तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात तिचं निवारण करावं लागतं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट सुरा मागवतानाच काढून ठेवा, कारण नंतर मजकूर बदलतात. तुटलेले तुकडे तर मुळीच टाकू नका. तोच सुरा, तोच ओंडक्याचा फोटो आणि त्याच तीन टिकल्या आता दुसऱ्या नावाने विक्रीला आहेत, किंमत १,४९९.