‘विंडोज 10 बंद झालं’ म्हणून कॉम्प्युटर दुकानात नेताय? आधी हे वाचा

गेल्या दिवाळीपासून सोलापुरातल्या कॉम्प्युटर दुकानांत एक वाक्य सारखं कानावर येतंय: “विंडोज 10 बंद झालं, आता 11 टाकावंच लागतंय.” यातलं अर्धं खरं आहे. त्या अर्ध्या खऱ्याच्या आडून माझ्या वडिलांना साडेपाच हजारांना फसवलं. पैसे गेले ते गेलेच, पण त्यापेक्षा वाईट म्हणजे त्यांच्या मशीनवर असलेलं अस्सल विंडोज पुसून त्या जागी चोरीचं टाकलं, आणि तेही ‘ओरिजिनल’ म्हणून.

आधी खरं काय ते सांगते. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट थांबवला. त्या तारखेनंतर आपोआप मिळणारे सुरक्षा अपडेट थांबले, एवढाच याचा अर्थ. कॉम्प्युटर बंद पडत नाही, फायली उडत नाहीत, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडतं, प्रिंटर चालतो. धोका आहे, पण तो हळूहळू वाढणारा आहे: नव्या त्रुटी सापडत राहतात आणि त्या बुजवल्या जात नाहीत. म्हणजे काहीतरी करायला हवं हे बरोबरच. पण आज दुपारीच, याच दुकानात, सांगतील तेवढे पैसे मोजून करायला हवं, असं मुळीच नाही.

आमचे अण्णा आयुष्यभर टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहीत आले. निवृत्त झाले तरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या काही छोट्या यंत्रमागवाल्यांचं टॅलीचं काम आणि जीएसटीचे रिटर्न जुळे सोलापुरात घरी बसून करतात. मशीन 2017 साली घेतलेलं, एका मोठ्या कंपनीचा तयार डेस्कटॉप. सातव्या पिढीचा आय3 प्रोसेसर, 4 जीबी रॅम आणि कंपनीकडूनच टाकून आलेलं विंडोज 10 होम सिंगल लँग्वेज, म्हणजे घरगुती वापराचं एडिशन (विंडोजचा प्रकार). कंपनीकडूनच आलेलं, हे कृपया लक्षात ठेवा.

नवी पेठेच्या बाजूला एक दुकान आहे, तिथे ते मशीन घेऊन गेले. काउंटरवरच्या माणसाने चालू करून पाहिलं आणि म्हणाला, “काका, हे होम हाय, त्यात परत सिंगल लँग्वेज. पुढं यात मराठी टाइप होणार नाही बगा. प्रो टाकून घ्या. ओरिजिनल, लाइफटाइम.”

अण्णांनी विचारलं, “या मशीनला 11 चालतंय का पण?”

“चालतंय की काका. सगळ्यांनाच टाकून द्यायलोय.”

विचारायचा तो प्रश्न अण्णांनी विचारला होता. त्यांना तोंडावर खोटं उत्तर मिळालं.

मराठीची थाप आधी निकालात काढते, कारण आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांवर ती हमखास चालते. सिंगल लँग्वेज म्हणजे मेनू, बटणं, सूचना यांची भाषा एकच राहते, ती बदलता येत नाही. टाइप करण्याशी त्याचा संबंध नाही. मराठी कीबोर्ड होममध्ये जोडता येतो, सिंगल लँग्वेजमध्ये जोडता येतो, प्रोमध्येही तोच जोडता येतो. विंडोज 10 मध्ये 2019 च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठी फोनेटिकही आहे. अण्णा त्याच मशीनवर कित्येक वर्षं मराठीत पत्रं टाइप करत होते, आणि तरी समोरचा माणूस ठामपणे बोलतोय म्हटल्यावर त्यांना वाटलं की पुढे काही बदलणार असेल. ठामपणाचाच हा सगळा धंदा आहे. प्रो या महागड्या एडिशनमध्ये जे जास्तीचं मिळतं, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारं बिटलॉकर, कार्यालयाच्या जाळ्याला (डोमेनला) जोडणं, बाहेरून रिमोट डेस्कटॉपने आपल्या मशीनवर येणं, त्यातलं काहीही आमच्या घरात लागत नाही. बहुतेकांच्या घरात लागत नाही.

दुसरं खोटं जास्त गंभीर. विंडोज 11 ला 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागा चालते, पण सोबत टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप, मशीन सुरू होतानाच तपासणी करणारी सिक्युअर बूट ही सोय आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा; सातव्यातले अगदी मोजके अपवाद आहेत आणि आमचा आय3 त्यात नाही. म्हणजे हे मशीन 11 साठी पात्रच नव्हतं. मग टाकलं कसं? विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवतानाच ही पात्रतेची तपासणी काढून टाकता येते. हे गुपित नाही, हौशी माणसं स्वतःच्या जबाबदारीवर करतात. पण असं केल्यावर पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. अण्णा दुकानात गेले होते ते अपडेट मिळत राहावेत म्हणूनच. त्यांना परत दिलं ते अपडेटची हमी नसलेलं मशीन.

मी पुण्यात असते, एका कार्यालयातले कॉम्प्युटर सांभाळते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेसाठी घरी आले तेव्हा अण्णा म्हणाले, “मशीन लई जड झालंय गं, आणि मधूनच ती लाल ढालीची नोटीस येते.” दुकानदाराने त्यांना त्याचं उत्तर आधीच शिकवून ठेवलं होतं: नोटीस आली की ‘अलाऊ’ दाबायचं.

मी विंडोज सिक्युरिटी, म्हणजे विंडोजमधलंच अँटिव्हायरस, उघडलं आणि परवानगी दिलेल्या धोक्यांची यादी पाहिली. तिथे ‘हॅकटूल’ या शब्दाने सुरू होणारं आणि ‘ऑटोकेएमएस’ने संपणारं नाव होतं. मग सेटिंग्जमध्ये सिस्टिम, अबाउट. एडिशनपुढे लिहिलं होतं: विंडोज 11 एंटरप्राइज, म्हणजे मोठ्या संस्थांसाठीचं. प्रोसुद्धा नाही! ॲक्टिव्हेशनच्या पानावर इंग्रजीत ओळ होती की हे विंडोज तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेने चालू केलेलं आहे. आमच्या घरात कुठली संस्था? खात्रीसाठी विंडोज आणि आर ही दोन बटणं एकत्र दाबून ‘एसएलएमजीआर’, थोडी जागा, तिरकी रेघ आणि ‘एक्सपीआर’ असं इंग्रजीत लिहून एंटर मारलं. छोटी खिडकी उघडली. व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन अमुक तारखेला संपेल, असं त्यात लिहिलेलं. तारीख सहा महिन्यांच्या आतली. ‘लाइफटाइम’ असं सांगून विकलेल्या वस्तूवर संपायची तारीख होती.

हे काय प्रकरण आहे ते थोडक्यात सांगते. मोठ्या कंपन्या, विद्यापीठं, सरकारी कार्यालयं यांना एकगठ्ठा परवाना मिळतो. त्यांच्या जाळ्यात एक सर्व्हर असतो, तो त्यांच्या मशीनना 180 दिवसांचं ॲक्टिव्हेशन देतो आणि ते मुदत संपायच्या आत आपोआप वाढत राहतं. याला केएमएस म्हणतात, आणि ती पूर्ण कायदेशीर सोय आहे. चोरीचं हत्यार काय करतं, तर तुमच्याच मशीनमध्ये खोटा केएमएस सर्व्हर उभा करतं, किंवा इंटरनेटवरच्या कुणा अनोळखी सर्व्हरला तुमचं मशीन जोडून देतं. ते टाकण्यासाठी ॲडमिनचे सगळे अधिकार द्यावे लागतात आणि अँटिव्हायरसला डोळे मिटायला सांगावं लागतं. त्यासोबत आणखी काय आत आलं हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

माझा संताप झाला तो इथे. या मशीनवर फक्त अण्णांचे फोटो नाहीत. दुसऱ्या माणसांचे पॅन क्रमांक आहेत, बँकेचे तपशील आहेत, जीएसटी पोर्टलचे पासवर्ड आहेत. ज्यांनी अण्णांच्या शब्दावर विश्वास ठेवून आपले कागद त्यांच्या हाती दिले, त्या माणसांचं घर या दुकानदाराने उघडं टाकलं. मी त्याच रात्री मशीनचं इंटरनेट काढलं, अण्णांनी एकेकाला फोन करून पासवर्ड बदलायला सांगितलं. पंचाहत्तरीच्या माणसाला असे फोन करावे लागले, याची भरपाई कुठल्या पावतीत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो. मालक स्वतः होते. त्यांना स्क्रीनचे फोटो दाखवले. ते म्हणाले, “मॅडम, सगळीकडं असंच चालतंय. ओरिजिनलचा रेट तुम्हाला परवडतोय का?” अस्सल प्रोचा परवाना दहा हजारांच्या पुढे जातो, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. मग साडेपाच हजारांत ओरिजिनल देतो असं सांगितलंच का, याला उत्तर नव्हतं. इतका वेळ गप्प असलेले अण्णा तेव्हा बोलले: “बाहेरच्या चादरीवर सोलापूरचं लेबल मारून विकतात तेव्हा आपल्याला किती राग येतो मालक? हे काय वेगळं केलं तुम्ही?” पैसे परत द्यायला मालकांनी नकार दिला. फार तर पुन्हा एकदा ‘टाकून देतो’ म्हणाले.

आता जो भाग मला सगळ्यात जास्त लोकांपर्यंत पोहोचवायचा आहे तो. कंपनीकडून विंडोज टाकून आलेल्या मशीनचा परवाना मशीनसोबतच असतो. विंडोज 8 च्या काळापासून कंपन्या त्या परवान्याची ‘की’, म्हणजे परवान्याचा क्रमांक, मदरबोर्डमध्येच साठवून देतात. फॉरमॅट मारलं तरी ती जात नाही. मी मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेतलं, त्याने विंडोज टाकायचा 8 जीबीचा पेनड्राइव्ह बनवला, डेटा वेगळा काढला आणि सगळं पुसून विंडोज 10 पुन्हा टाकलं. एंटरप्राइजवरून होमवर येताना असं पुसूनच यावं लागतं. टाकताना विंडोजने की विचारली नाही. होम सिंगल लँग्वेज स्वतःच निवडलं आणि इंटरनेट मिळताच ॲक्टिव्हेट झालं. एक रुपया लागला नाही. हा परवाना अण्णांनी 2017 साली पैसे मोजून घेतला होता, तो त्यांचाच होता, आणि दुकानात तो सरळ झाकून टाकला गेला. फक्त टॅलीचा बॅकअप परत घेताना आणि प्रिंटर जोडताना अख्खी दुपार गेली.

मग सपोर्ट संपलेल्या विंडोज 10 चं काय? घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत ठेवली आहे, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. मशीन 22एच2 या विंडोज 10 च्या शेवटच्या आवृत्तीवर हवं आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायची लिंक येते. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात घेतलात तर आपल्याकडे ही नोंदणी फुकट आहे. नाहीतर मायक्रोसॉफ्टचे 1000 रिवॉर्ड पॉइंट किंवा 30 डॉलर असे दुसरे मार्ग आहेत. अण्णांची नोंदणी फुकटात झाली. हे दुकानात एका शब्दाने कुणी सांगितलं नाही. ऑक्टोबर आला की आम्ही नवं मशीन घेऊ, कारण हिशेबाच्या कामाला त्यापुढे जुन्यावर भागवणं मला मान्य नाही. नुसतं इंटरनेट आणि पत्रव्यवहार असता तर याच मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून दिली असती.

तुमचं मशीन आठव्या पिढीचं किंवा पुढचं असेल तर पीसी हेल्थ चेक हे मायक्रोसॉफ्टचं छोटं ॲप चालवा. पात्र असेल तर अस्सल विंडोज 10 वरून 11 ला जाणं फुकट आहे, तेही त्याच एडिशनमध्ये: होमचं होम, प्रोचं प्रो. दुकानदाराने केलं तर त्याच्या वेळेचे, मेहनतीचे पैसे जरूर द्या, पण ‘विंडोजचे’ पैसे कसले? आणि जुनं मशीन असेंबल केलेलं असेल, त्यावर परवाना कधी घेतलाच नसेल, तर अस्सल परवाना विकत घ्यावाच लागतो. ऑनलाइन तीनचारशे रुपयांना मिळणाऱ्या की याच एकगठ्ठा परवान्यांतून फुटलेल्या असू शकतात, त्याही टाळा.

मशीन हातातून सोडण्याआधी अबाउटच्या पानाचा आणि ॲक्टिव्हेशनच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. दुकानदाराला सरळ विचारा: कुठलं एडिशन टाकणार, परवाना कुठला, आणि बिलावर तेच लिहून देणार का? आमच्याच शहरात प्रामाणिक दुकानं आहेत. दत्त चौकातल्या एकाने मला फोनवरच सांगितलं की सातव्या पिढीवर आम्ही 11 टाकत नाही. असा माणूस बिलाला घाबरत नाही. परत आणल्यावर तीच दोन पानं पुन्हा बघा. घरच्या कॉम्प्युटरवर ‘एंटरप्राइज’ किंवा ‘तुमची संस्था’ दिसली, तर नेट काढा आणि बँकेचं काही उघडू नका.

अण्णांच्या हाती मिळालं होतं ते जीएसटी क्रमांक नसलेलं एस्टिमेट: ‘विंडोज 11 प्रो ओरिजिनल, 5,500’. त्यांनी आयुष्यभराच्या सवयीने ते फाइलला लावून ठेवलं, म्हणून आज हाती पुरावा आहे. ते एस्टिमेट, मुदतीची तारीख दाखवणाऱ्या खिडकीचा फोटो आणि परवानगी दिलेल्या धोक्यांची यादी जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. दुकानाकडून अजून उत्तर नाही. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही. याच पद्धतीने ‘प्रो’ टाकून घेतलेलं कुणी सोलापुरात असेल, तर आपली पावती आणि ॲक्टिव्हेशनच्या पानाचा फोटो जपून ठेवा आणि स्वतःची तक्रार वेगळी नोंदवा.